माटिल्डाची आंघोळ

आमच्या घरात रणगाडा आहे हे मी हल्ली ओळख झाल्याबरोबर कुणाला सांगत नाही. ऐकणारा आधी हसतो, मग "मुलाचा का?" असं विचारतो. मग मला सांगावं लागतं, की आम्हाला एकच मुलगी आहे, ती परगावी शिकते आणि रणगाडा माझा आहे. त्यानंतर समोरचा माणूस माझ्याकडे ज्या नजरेने बघतो ती नजर मला सहन होत नाही.

रणगाडा दुसऱ्या महायुद्धातला, ब्रिटिश. म्हणजे त्याची हुबेहूब प्रतिकृती, दोन विती लांब, रिमोटवर चालणारी. तिचं नाव माटिल्डा. जाणकार लोक जर्मन रणगाड्यांवर जीव टाकतात, कारण ते मोठे आणि रुबाबदार असतात. माटिल्डा चिलखताने जाड आणि चालीने मंद. एकदा निघाली की पोचायची, पण कधी पोचेल ते विचारायचं नाही. बायकोचं म्हणणं असं, की दुकानाच्या कॅटलॉगमध्ये एवढे रणगाडे असताना मला हीच आवडली, कारण ती मला नात्यातली वाटली असणार. मी या बोलण्याकडे दुर्लक्ष केलं.

एवढंच सांगतो, की मी विमा कंपनीत काम करतो. लोक आपली वस्तू नवीकोरी होती म्हणून भरपाई मागतात आणि ती मुळातच जुनी, गंजलेली होती हे शोधून काढायचं माझं काम. दिवसभर असं दुसऱ्यांचा गंज शोधणाऱ्या माणसाला संध्याकाळी घरी येऊन काहीतरी स्वतःच्या हाताने जोडावंसं वाटलं तर त्यात काय चुकलं? पण हे घरात कुणाला पटत नाही.

सुरुवातच पोस्टात झाली. पार्सल घ्यायला गेलो तर खिडकीपलीकडच्या बाईंनी खोक्यावरचा रणगाड्याचा फोटो पाहिला आणि चष्मा वर केला.

"यात काय आहे?"

"रणगाडा," मी म्हणालो. खरं बोलायची खोड, दुसरं काय!

माझ्या मागची रांग जरा मागे सरकली.

"लष्करी सामानाला परवाना लागतो."

"अहो, छोटा आहे तो."

"छोट्यालासुद्धा लागतो."

"मॉडेल आहे हो बाई. आत सुटे भाग आहेत. घरी नेऊन जोडायचे."

"म्हणजे घरच्या घरी रणगाडा तयार करणार तुम्ही?" हे त्यांनी इतक्या मोठ्याने विचारलं, की आतले साहेब बाहेर आले. साहेबांनी तोफ आहे का ते विचारलं. मी म्हणालो, आहे, पण ती नुसता आवाज करते. साहेब म्हणाले, आवाजाचं खातं वेगळं आहे. मग त्यांनी नियमांचं जाडजूड पुस्तक काढून बरंच चाळलं. त्या पुस्तकात 'मॉडेल' नावाची वस्तूच नव्हती.

"हे बघा," साहेब शेवटी म्हणाले, "मॉडेल म्हणत असाल तर मुख्य कार्यालयाला विचारावं लागेल. खेळणं म्हणत असाल तर आत्ता उचला आणि जा."

माझा स्वाभिमान एका बाजूला आणि खोकं दुसऱ्या बाजूला. मी खोकं उचललं. मी हे लहान मुलांचं खेळणं म्हणून नेत आहे, असं लिहून खाली सही केली. "वयोगट राहिला," बाई म्हणाल्या. मी केसांना लावलेल्या कलपाची लाज बाळगून 'आठ ते बारा' असं लिहिलं.

जोडणीला आमची गॅलरी होती. गॅलरी म्हणजे काचा लावून बंद केलेला एक पट्टा, त्यात एक टेबल, एक दिवा आणि मी. माटिल्डाचे पट्टे कडी कडी जोडून करायचे असतात. प्रत्येक कडीत टाचणीएवढी पिन. ती पिन हातातून सुटली की जगातून नाहीशी होते. आई गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून बसायची आणि पिन पडली की माझ्याआधी तिला दिसायची. "तिकडे, तुझ्या गुडघ्यापाशी," असं ती लोकरीच्या विणकामातून मान वर न करता सांगायची. मी काय करतोय हे तिने कधी विचारलं नाही. मुलगा घरात आहे आणि बसून काहीतरी करतोय, एवढं तिला पुरे होतं.

पहिली चाचणी दिवाणखान्यात झाली. मी रिमोटची काडी पुढे ढकलली आणि माटिल्डा जागच्या जागी गरागरा फिरायला लागली. एक मोटार पुढे चालली होती आणि दुसरी मागे. आईने पाय खुर्चीवर घेतले आणि म्हणाली, "छान फिरतोय रे!"

त्याच वेळी आमचे शेजारी आत आले. त्यांना आख्खी इमारत 'अनुभवी' म्हणते, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य "मला अनुभव आहे" इथून सुरू होतं. नळ गळू दे, दात दुखू दे, त्यांना अनुभव असतोच.

"मला अनुभव आहे," ते म्हणाले. "आमच्या पंख्याचं असंच झालं होतं. वायरी उलट्या लाव."

मी वायरी उलट्या लावल्या. अनुभवींनी शेजारी उभं राहून दोन्ही मोटारींच्या लावून घेतल्या. मग माटिल्डा दुसऱ्या दिशेने गरागरा फिरायला लागली. "बघ, फरक पडला की नाही?" असं म्हणून ते चहा घेऊन गेले. ते गेल्यावर मी एकाच मोटारीच्या वायरी बदलल्या आणि रणगाडा सरळ सोफ्याखाली गेला. येताना तो बायकोचं हरवलेलं कानातलं पट्ट्यात अडकवून घेऊन आला. त्या एका संध्याकाळपुरती मला घरात किंमत होती.

ती फार दिवस टिकली नाही, कारण पुढे रंगकाम होतं. रंग फवाऱ्याने मारायचा, म्हणून मी गॅलरीच्या काचा उघडल्या. माटिल्डा वाळवंटात लढली, म्हणून रंग वाळूचा. फवारा रणगाड्यावर मारला, पण वाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात आणि त्यांचे पांढरे डगले त्यांच्या दोरीवर वाळत होते. संध्याकाळी डॉक्टर वर आले तेव्हा त्यांच्या हातात तीन डगले होते आणि तिन्ही वाळवंटात लढून आल्यासारखे दिसत होते.

मी डगले भरून देतो म्हणालो. पण डॉक्टर चिडले नाहीत. या माणसाचा हा स्वभाव मला अजिबात आवडत नाही.

"असू दे हो," ते हसून म्हणाले. "पेशंटला हा रंग जास्त शांत वाटेल." मग त्यांची नजर टेबलाकडे गेली. "अरे वा! माटिल्डा! तुम्हीही आपल्यातलेच की!"

त्यांच्याकडे जर्मन 'टायगर' रणगाडा होता. परदेशातल्या कुणा कारागिराकडून जोडून, रंगवून, धूळबीळ बसवून तयार आणलेला. एक पिनसुद्धा या गृहस्थाने कधी गुडघ्यापाशी शोधलेली नव्हती. महिनाअखेरीला शाळेच्या सभागृहात त्यांच्या क्लबची स्पर्धा होती. "तुम्हीही या ना घेऊन," डॉक्टर म्हणाले. "बक्षिसाचं काय एवढं? भाग घेणं महत्त्वाचं." दर वर्षी बक्षीस मिळवणारी माणसंच असं बोलतात.

दार लागल्यावर बायको माझ्यासमोर उभी राहिली. आमचं वॉशिंग मशीन न्हाणीघरात आहे. त्यामुळे आमच्या घरात सगळेजण तिरके उभे राहून आंघोळ करतात. ते गॅलरीत हलवायचं, ही तिची जुनी मागणी.

"मी काही बोलले नाही," ती म्हणाली. हे ती बोलायला सुरुवात करताना म्हणते. "पिना तुडवल्या, वास सहन केला, आता लोकांचे डगले भरून देते. पण एकदा काय ते ठरू दे. या स्पर्धेत एक तरी बक्षीस आणा. नाही आणलंत तर गॅलरीत मशीन आणि रणगाडा माळ्यावर."

"आणि आणलं तर?"

"तर मी जन्मभर तिरकी आंघोळ करीन आणि शब्द काढणार नाही."

मला गॅलरीशिवाय दुसरी जागा नव्हती. टेबल, दिवा आणि दारातली आईची खुर्ची, हे सगळं त्या पैजेत पणाला लागलं. तरी मी हो म्हणालो.

आता थोडं शास्त्र सांगतो. रणगाडा नवा दिसला तर तो खेळणं. तो वापरलेला, खरचटलेला, धुळीने माखलेला दिसला तर मॉडेल. त्यामुळे खरी परीक्षा रंग वाळल्यावर सुरू होते. मी स्पंजच्या तुकड्याने गंजाचा रंग टिपला. कडांवर रंग उडाल्याच्या खुणा केल्या. तेल ओघळल्याचे डाग एकेका केसाच्या ब्रशने ओढले. सगळ्यात शेवटी बारीक भुकटीची धूळ, खालून वर विरळ होत गेलेली. बायको रोज सकाळी घरातली धूळ पुसायची आणि मी संध्याकाळी धूळ बसवायचो. एकदा ती फडकं हातात घेऊन माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी नजर वर केली नाही.

धूळ पक्की व्हायला वरून वार्निशचा एक पारदर्शक हात मारावा लागतो. तो मारणार, तेवढ्यात अनुभवी आले.

"मला अनुभव आहे. हा हात ऐन स्पर्धेच्या सकाळी मारायचा. आधी मारलास तर पिवळा पडतो."

दोन्ही मोटारींच्या वायरी उलट्या लावायला सांगणाऱ्या माणसाचं मी का ऐकलं? पण ऐकलं खरं. मी तो हात राहू दिला. आतली बॅटरी आणि सर्किट तपासायला म्हणून काढून कपाटात ठेवलं आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी ऑफिसला गेलो.

संध्याकाळी आलो तर गॅलरीतलं टेबल रिकामं. स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर भांड्यांची जाळी होती. जाळीत ताटं, वाट्या, एक कढई, आणि कढईच्या शेजारी, तोफ खाली करून, निथळत ठेवलेली माटिल्डा.

ती लखलखत होती.

"आलास?" आई पदराला हात पुसत म्हणाली. "अरे, किती घाण झाला होता तो! उद्या चार लोकांत न्यायचाय ना? मी म्हटलं, कामाच्या गडबडीत तुला वेळ झाला नसेल. गंज तर इतका होता, की घासणीने घासावा लागला. पण निघाला हो सगळा!"

आईच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की काय बोलणार? "छान झालाय," एवढंच बोलून मी गॅलरीत जाऊन बसलो आणि खरं सांगतो, रडायचंच बाकी राहिलं होतं. महिनाभराचा गंज मोरीतून वाहून गेला होता. गॅलरीही त्याच वाटेने जाणार होती. मी मनातल्या मनात टेबलाच्या जागी मशीन ठेवूनसुद्धा पाहिलं. अगदी बरोबर बसत होतं.

बायको आत आली. मला वाटलं, टेप घेऊन मोजमाप करायला आली. तिच्या हातात केस वाळवायचं यंत्र होतं.

"उठा," ती म्हणाली. "मोटारींत पाणी गेलंय. खोला त्या."

"तुला तर बरंच झालं ना?"

"हरायचं तर नीट हरा. आईंनी धुतला म्हणून हरलो, हे मला जन्मभर ऐकायचं नाहीये. आणि त्यांना तर मुळीच ऐकू द्यायचं नाहीये."

मग तिने वारा घातला आणि मी मोटारी खोलल्या. पुसल्या, दातेरी चाकांना नवं ग्रीस लावलं, पट्ट्यांच्या पिना एकेक करून घट्ट केल्या. नव्याने धूळ बसवायला वेळ नव्हता. माटिल्डा आतून जितकी ठणठणीत झाली तितकी ती आधी कधीच नव्हती. फक्त बाहेरून ती खेळण्याच्या दुकानातून आत्ताच उचलून आणल्यासारखी दिसत होती.

स्पर्धेला आम्ही तिघे गेलो, आणि न बोलावता अनुभवी. दारातल्या बाईंनी रणगाडा बघून आम्हाला 'बालगट' असं लिहिलेल्या टेबलाकडे पाठवलं. मी माझं वय सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही पालक ना?" शेवटी क्लबचे अध्यक्ष आले आणि त्यांनी मला मोठ्यांत जागा दिली. त्यांना सगळे कर्नल म्हणत. त्यांची सगळी नोकरी बँकेत झाली होती, पण मिशा त्या हुद्द्याच्या होत्या.

सभागृहातल्या इतर रणगाड्यांकडे बघवत नव्हतं. काय ती धूळ! काय तो गंज! डॉक्टरांचा टायगर तर नुकताच लढाईतून परत आल्यासारखा दमलेला दिसत होता. त्या सगळ्यांत माझी माटिल्डा एकटी न्हाऊनमाखून उभी. परीक्षक भिंग घेऊन एकेका टेबलाशी वाकत होते. माझ्या टेबलाशी ते वाकलेच नाहीत. "स्वच्छ आहे," एवढं म्हणून पुढे गेले. आई अभिमानाने बायकोला म्हणाली, "बघ, त्यांनीसुद्धा ओळखलं."

फिनिशिंगचे गुण संपले. आता मैदानावरची फेरी उरली होती: चढ, खंदक, अरुंद पूल आणि शेवटची रेषा. अडचण अशी झाली, की शाळेच्या माळ्याने आदल्या दिवशी पाण्याचा पाइप मैदानात तसाच चालू सोडला होता. कर्नलांनी आखलेल्या युद्धभूमीचा चिखल झाला होता. पट्टेवाल्या गाड्या चिखलातच चालायच्या असतात असं तुम्हाला वाटेल. पण मंडळी चिखलाकडे बघत काठावर उभी राहिली. महिनोन्महिने घालून बसवलेली खोटी धूळ खऱ्या चिखलात कोण घालणार? "फेरी पुढे ढकला," एकजण म्हणाला. "टाइल्सवर घ्या," दुसरा म्हणाला. तिसऱ्याने तर आपला रणगाडा शालीत गुंडाळला.

"नियम म्हणजे नियम," कर्नल मिशीवर हात फिरवत म्हणाले. "जो फेरी पूर्ण करील त्याचा चषक. कुणी आहे का?"

मी माटिल्डाकडे पाहिलं. तिच्या अंगावर जपण्यासारखं काही म्हणजे काही उरलं नव्हतं. माझ्यावरही नव्हतं.

"मी आहे," मी म्हणालो.

"मला अनुभव आहे, रुतेल," अनुभवी म्हणाले. तेव्हा मात्र माझी खात्री पटली, की रुतणार नाही.

मी तिला चिखलात उतरवलं. माटिल्डाच्या पट्ट्यांवर बाजूने जाड पत्रा असतो आणि त्या पत्र्याला चिखल बाहेर पडायला झडपांसारख्या वाटा ठेवलेल्या असतात. जोडताना मला त्या नसत्या भानगडी वाटल्या होत्या. आता एकेका वाटेतून चिखल बदाबदा बाहेर पडायला लागला आणि ती आपली संथपणे, कुणाची तमा न बाळगता, निघाली. चढावर ती थांबतेय असं वाटलं, पण ती थांबली नव्हती, तिची चालच तशी. लोक हसायचे थांबले. आई खुर्चीवरून ओरडली, "अरे, घाण होईल तो!" आणि बायको म्हणाली, "होऊ द्या हो आई, होऊ द्या!"

हे बघून डॉक्टरांना राहवेना. भाग घेणं महत्त्वाचं म्हणणारा माणूस काठावर किती वेळ उभा राहणार? त्यांनी टायगर उतरवला. तो तरातरा माझ्या पुढे गेला आणि खंदकाच्या तोंडाशी थबकला. टायगरची चाकं एकात एक गुंतलेली असतात. त्या फटींत चिखल जाऊन बसला आणि आतून जळका वास यायला लागला. डॉक्टर काडी पुढे-मागे करत होते. त्यांचा चेहरा, त्यांच्या खुर्चीत बसल्यावर आपला होतो, तसा झाला.

मी बाजूने जाऊ शकलो असतो. पण आईचा आवाज आला, "अरे, बघतोस काय? त्यांना ओढ की बाहेर! डगले खराब केले होतेस ना त्यांचे?" हे सगळ्या मैदानाने ऐकलं. बायको साडी सावरत चिखलात गेली, आईच्या पिशवीतल्या लोकरीचा दुहेरी गोफ करून तिने टायगरची माटिल्डाशी गाठ मारली. मी काडी हळूच पुढे केली. पट्टे क्षणभर जागीच फिरले. मग माटिल्डाने दम धरला, आणि तो राजेशाही, दमलेला, परदेशात रंगवलेला टायगर, शेपटीला धरून आणावा तसा तिच्यामागून बाहेर आला. खंदक, पूल, रेषा. दोघांनी मिळून ती ओलांडली. पुढे अर्थातच माझी होती.

काय टाळ्या झाल्या महाराज! डॉक्टरांनी मला मिठी मारली. या वेळी त्यांचा स्वभाव मला तितकासा वाईट वाटला नाही. परीक्षक भिंग घेऊन आले आणि अखेर माझ्या रणगाड्यापुढे वाकले. बराच वेळ वाकून होते.

"हा चिखल," ते कर्नलांना म्हणाले, "फारच खरा वाटतो."

"खराच आहे," मी म्हणालो.

चषक मला मिळाला. कर्नलांनी भाषणात तीनदा 'मॉडेल' म्हटलं आणि एकदाही 'खेळणं' म्हटलं नाही. मी पोस्टातल्या साहेबांची मनापासून आठवण काढली.

गॅलरी माझी राहिली. मशीन न्हाणीघरातच आहे. आम्ही अजून तिरके उभे राहून आंघोळ करतो, फक्त मी आता मान ताठ ठेवून करतो. बायकोने शब्द पाळला. ती काहीच बोलत नाही, फक्त कोपर लागलं की चषकाकडे बघते.

माटिल्डा दिवाणखान्यात चषकाशेजारी आहे, अंगावर मैदानातला चिखल तसाच. परवा अनुभवी आले. त्यांनी खिशातून रुमाल काढला.

"मला अनुभव आहे. हा चिखल असा ठेवलास ना, तर आतल्या पत्र्याला गंज धरेल. पुसून टाकतो."

"हात लावू नका हो!" आई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली आणि रणगाड्यासमोर उभी राहिली. "स्पर्धेतल्या लोकांचं बोलणं ऐकून कळलं मला, महिनाभर डोळे फोडून एकेक ठिपका गंज रंगवला होता माझ्या मुलाने, आणि मी तो घासून काढला. आता आपोआप येतोय, तर येऊ दे की!"